कोतोच्या तेरा घोड्या

मीनाक्षीच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली ती एका दुधाच्या बाटलीपायी. गेली म्हणजे तुटली नाहीत. आहेत जागच्या जागी, पण त्यांना गरम-गार कळत नाही आणि त्यांच्यात जोर नाही.

दोन हजार तीनचा जानेवारी होता. ती लंडनच्या कडेला, पिनरला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची. सकाळी दार उघडून दूधवाल्याने ठेवलेली बाटली उचलली, पायरीवर बर्फाचा पातळ पापुद्रा होता, पाय सटकला आणि बाटली हाताखाली फुटली. काच मनगटात करंगळीच्या बाजूने शिरली. हॉस्पिटलात ऑपरेशन छान झालं. सर्जन स्वतः बाहेर येऊन म्हणाले, "कापलेला मज्जातंतू जोडला आहे, पण तो फार हळू वाढतो. वाट बघू." आम्ही वर्षभर वाट बघितली.

मीनाक्षी व्हायोलिन वाजवायची. शाळाशाळांतून शिकवायची, आणि बोलावणं आलं की ऑर्केस्ट्रात बसायची. व्हायोलिनला डाव्या हाताची चार बोटं लागतात, अंगठा वेगळा. दोन बोटांवर पोराटोरांची गाणीसुद्धा धड वाजत नाहीत.

मी तिचा बाप, ज्ञानेश्वर. एकोणसत्तर साली पिंपरीहून स्लाऊला आलो आणि ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका कारखान्याच्या टूल-रूममध्ये तीस वर्षं काढली. साच्यांच्या डाय बनवायच्या, पकडीचे जिग बनवायचे, इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायचं. संगीतातलं मला काही कळत नाही. पोरगी सात वर्षांची असताना तिच्या शाळेतल्या बाईंनी व्हायोलिन हातात दिलं, आणि पुढची अकरा वर्षं मी दर शनिवारी तिला क्लासला नेत राहिलो. आत ती वाजवायची, बाहेर गाडीत मी पेपर वाचायचो. तिच्या संगीतातलं माझं काम तेवढंच. ते बिनचूक केलं.

अपघातानंतर तिने व्हायोलिनची पेटी पलंगाखाली सरकवली. रेडिओ लावणंही बंद केलं. वर्षअखेरीला कौन्सिलच्या लायब्ररीत काउंटरवर नोकरी धरली. आम्ही भेटायला गेलो की बोलायची, हसायची, चहा करायची. पण आशा, माझी बायको, परत येताना गाडीत म्हणायची, "अहो, ती आपल्याला पाहुण्यांसारखं वागवते हो."

दोन हजार चारच्या एप्रिलमध्ये लायब्ररीच्या काउंटरवर एक म्हातारी जपानी बाई आली. ठेंगणी, पांढरे केस कानाबरोबर कापलेले, पाठीला सॅक. तिला बाख या जर्मन संगीतकाराने एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या संगीताचं पुस्तक हवं होतं. मीनाक्षीने ते काढून दिलं. बाईने पान उघडलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे मला कुणी आकड्यांत लिहून देईल का?"

"आकड्यांत?"

"मला ही टिंबं वाचता येत नाहीत. मी कोतो वाजवते. आमच्याकडे प्रत्येक तारेला आकडा असतो."

बाईचं नाव सचिको. एका इंग्रजाशी लग्न करून ती चाळीस वर्षांपूर्वी इथे आली होती. नवरा रॉबर्ट, पोस्टात नोकरीला होता आणि हौसेने व्हायोलिन वाजवायचा. दर रविवारी सकाळी, बाखच्या त्या पुस्तकातली एकच संथ रचना. तो जाऊन तीन वर्षं झाली होती. सचिकोबाईंना ती रचना आपल्या कोतोवर हवी होती. कानाने प्रयत्न करून झाला होता. सुरुवात जमायची, पुढे वाट चुकायची.

मीनाक्षीला ती रचना तोंडपाठ होती. हे सांगावं की नाही, असं तिला क्षणभर वाटलं म्हणे. मग म्हणाली, "मी लिहून देईन."

हे आम्हाला पुढे कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की गुरुवारी संध्याकाळी फोन केला तर ती घरी नसते.

कोतो म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही ठाऊक नव्हतं. सहा फूट लांबीचं, जमिनीवर आडवं ठेवायचं वाद्य. किरी नावाच्या हलक्या लाकडाचं, आतून पोकळ. वर तेरा तारा, आणि प्रत्येक तारेखाली एकेक सुटी घोडी. आपल्या तंबोऱ्याला एकच घोडी असते आणि सगळ्या तारा तिच्यावरून जातात. इथे तेरा तारांना तेरा. घोडी इकडेतिकडे सरकवली की सूर बदलतो. उजव्या हाताच्या तीन बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या, आणि डाव्या हाताने घोडीच्या पलीकडे तार दाबली की सूर वर चढतो.

मीनाक्षीला आधी वाटलं होतं, आठवड्याभराचं काम आहे. महिना गेला. बाखची रचना कोतोच्या तेरा सुरांत मावेना. तिने ती खाली उतरवली, तरी तीन सूर कमी पडले; ते वरच्या सप्तकात नेले. कुठे दोन सूर एकदम वाजायचे तिथे एकच ठेवला. व्हायोलिनवर गज ओढत राहिलं की सूर हवा तितका वेळ टिकतो. कोतोवर छेडला की लगेच विरायला लागतो. त्या लांब सुरांचं काय करायचं, यावर दोघींचे दोन गुरुवार गेले. शेवटी सचिकोबाई म्हणाल्या, "भरायला जाऊ नकोस. विरू दे. ऐकणारा मनात पूर्ण करतो."

कागद तयार झाला, आकड्यांचा. सचिकोबाई वाजवायला बसल्या. पहिल्या दोन ओळी गेल्या. तिसऱ्या ओळीत डाव्या हाताने तार दाबायची होती. तार चांगली ताठ असते, दाबायला खांद्यापासूनचं वजन लागतं. त्यांच्या बोटांचे सांधे सुजलेले. त्यांनी दाबली, सूर अर्ध्यातच राहिला. पुन्हा दाबली. मग हात मांडीवर ठेवला आणि उजव्या हातातल्या नख्या एकेक करून काढल्या.

"तू बस," त्या म्हणाल्या.

"मला नाही येत. आणि माझा हात…"

"दाखव."

मीनाक्षी तो हात कुणाला दाखवायची नाही. माझ्यासमोरसुद्धा बाही खाली ओढून घ्यायची. त्या दिवशी तिने दाखवला. सचिकोबाईंनी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बाजूला धरलं, तर्जनी आणि मधलं बोट दाबून बघितलं, भाजी घेताना दाबून बघतात तसं. म्हणाल्या, "दाबायला ही दोन लागतात. टेकायला अंगठा. बाकीच्यांना इथे काम नाही."

नख्यांच्या चामड्याच्या अंगठ्या मीनाक्षीला सैल होत होत्या. त्यांनी आत कागदाची पट्टी गुंडाळून बसवल्या.

त्या रात्री नऊ वाजता फोन वाजला. पोरीने आपणहून केलेला फोन, कित्येक महिन्यांनी.

"बाबा, आज मी बाख वाजवला."

मी उभाच राहिलो. "कसा काय गं?"

"खूप वाईट! बाबा, इट वॉज टेरिबल. एक कोतो आहे, जपानी वाद्य. मोठा वाद्य आहे, तुमचं गाडीपेक्षा मोठा असेल." आणि ती हसायला लागली. तिचं मराठी तसंच आहे, इथे जन्मलेली पोरगी. वाद्य 'तो' होतं, गाडी 'ते' होतं. एरवी मी दुरुस्त करतो. त्या दिवशी नाही केलं. आशाने माझ्या हातातून फोन घेतला आणि ऐकता ऐकता रडायला लागली, तशी ती पलीकडून म्हणते, "आई, व्हाय आर यू क्रायिंग? मी चुकीचं वाजवलं म्हणून?"

त्यानंतर गुरुवारबरोबर रविवारही सुरू झाला. सहा महिन्यांत हात बसला. आणि मग घोड्या पडायला लागल्या.

सचिकोबाईंचा कोतो जुना, त्यांच्या आईचा. घोड्याही तेव्हाच्या, लाकडी. त्यांचे पाय झिजून गुळगुळीत झालेले. जपानी रचनांत चाललं असतं. पण या रचनेत जोरात दाबायच्या जागा पुष्कळ, आणि जोर पडला की घोडी आडवी व्हायची. बंदूक उडाल्यासारखा आवाज होतो. नव्या मागवता आल्या असत्या. पण बाजारात मिळतात त्या या जुन्या कोतोच्या पाठीच्या गोलाईवर नीट बसत नव्हत्या. सचिकोबाईंनी एक संच पूर्वी आणून बघितला होता.

मीनाक्षी मला म्हणाली, "बाबा, तुम्ही बघाल का एकदा?"

अकरा वर्षं क्लासच्या बाहेर गाडीत बसलेला माणूस मी. त्या दिवशी पहिल्यांदा आत गेलो. बूट काढून सचिकोबाईंच्या बैठकीच्या खोलीत गालिच्यावर मांडी घातली, चष्मा वर केला आणि मायक्रोमीटर काढला. सचिकोबाईंनी वाकून नमस्कार केला, मीही बसल्या बसल्या वाकलो. मग घोडी मोजली: उंची, वरची खाच, पायांतलं अंतर. कोतोच्या पाठीची गोलाई पुठ्ठा कापून उतरवून घेतली. गोलाई सगळीकडे सारखी नव्हती. प्रत्येक घोडीचे पाय वेगळे घासावे लागणार होते.

पहिला संच मी नायलॉनचा केला. गॅरेजमध्ये तीन आठवडे लागले. एकही पडली नाही, पण आवाज असा आला की कांबळ्यात गुंडाळून वाजवतंय कुणी. मलासुद्धा कळलं. सचिकोबाई म्हणाल्या, "फार मजबूत आहेत." मीनाक्षी खिडकीबाहेर बघत होती. मी त्या परत पिशवीत भरल्या.

दुसरा संच मेपलचा, जुन्या खुर्चीच्या पायातून काढलेला. पाय थोडे रुंद, कंबर बारीक. मीनाक्षी शनिवारी स्लाऊला यायची, गॅरेजमध्ये स्टूल घेऊन बसायची. मी घासायचो, ती घोडी नखाने टिचकवून कानाशी धरायची. "अजून थोडा, बाबा." मी अजून थोडं घासायचो. "स्टॉप. बस." मला त्या टिचकीत काही फरक ऐकू यायचा नाही, तिला यायचा. माझ्या मोजमापाच्या पुढे तिचा कान होता. आशा वरून जेवायला हाका मारायची आणि आम्ही दोघं "आलो, आलो" म्हणत बसून राहायचो. पोरगी पाच वर्षांची होती तेव्हापासून एवढा वेळ आम्ही दोघांनी मिळून कधी काढला नव्हता. तिच्या हाताबद्दल मी देवाला पुष्कळ बोललो होतो. त्या शनिवारांत त्याला बोलणं थांबलं, आपोआप.

दोन हजार पाचच्या ऑक्टोबरमध्ये पिनरच्या एका चर्चमध्ये दुपारचा छोटा कार्यक्रम ठरला. तिथे महिन्यातून एकदा कुणी ना कुणी वाजवतं. पन्नास-साठ माणसं येतात, बहुतेक निवृत्त. मीनाक्षी घाबरली होती. आदल्या दिवशी म्हणाली, "बाबा, लोक म्हणतील, बाख असं वाजवतात का?"

मी म्हटलं, "लोकांना काय कळतंय? मलाच कळत नाही."

"यू आर नो हेल्प," ती म्हणाली. पण हसली.

चर्चमध्ये आम्ही दुसऱ्या रांगेत. सचिकोबाई पहिल्या रांगेत कडेला, राखाडी किमोनो घालून, ताठ. मीनाक्षीने कोतोसमोर बसून दोन्ही हात वर ठेवले. बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती. मनगटावरचा व्रण सगळ्यांना दिसत होता.

तिने सुरुवात केली. मी ती रचना तोवर शंभरदा ऐकली असेन, तुकड्यातुकड्यांनी. पण ही सलग. एकेक सूर पडत होता आणि विरत होता, आणि विरण्याआधी पुढचा येत होता. पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. आशाने माझा हात धरला.

आणि मधल्या भागात, जोर पडला तिथे, घोडी पडली. फाट्कन.

सातवी घोडी. ती मी केलेली, मला नंबरासकट ठाऊक. तिच्या डाव्या पायावर मी कानस एकदा जास्त फिरवली होती आणि मनात आलं होतं, चालेल. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पोरीची दीड वर्षाची मेहनत, आणि बापाच्या हातची घोडी!

मीनाक्षीने हात उचलले. तार पकडून घोडी सरळ केली, जागेवर बसवली, शेजारच्या तारेशी सूर जुळवला. कान खाली नेऊन पुन्हा एकदा. मग मान वर करून लोकांना म्हणाली, "सॉरी, एक मिनिट. माझ्या बाबांनी केल्या आहेत या सगळ्या. बाकी बारा उभ्या आहेत." लोक हसले. माझ्याकडे बघून हसली तीही. मग म्हणाली, "सुरुवातीपासून वाजवते," आणि पहिल्या सुरापासून सुरू केलं.

दुसऱ्या वेळेला ती त्या जागी आली तेव्हा मी श्वास धरून ठेवला. दाबलं तिने. जोर कमी केला नाही. घोडी उभी राहिली. पुढे शेवटपर्यंत मला काही दिसलं नाही, डोळे भरले होते. शेवटचा सूर तिने छेडला आणि हात मांडीवर घेतला. तो पूर्ण विरेपर्यंत कुणी टाळी वाजवली नाही.

नंतर चर्चच्या मागच्या खोलीत चहा होता. मी सचिकोबाईंपाशी गेलो. आधी घोडीबद्दल माफी मागितली.

त्यांनी मान हलवली. "रॉबर्ट तिथेच अडखळायचा," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं, दर रविवारी. तिथे थांबायचा, शिव्या द्यायचा, आणि पहिल्यापासून सुरू करायचा. घोडी पडली तेव्हा मला वाटलं, आता शिवी ऐकू येईल." त्यांनी किमोनोच्या बाहीतून रुमाल काढून डोळे टिपले. "मला सगळं मिळालं आज. न अडखळता वाजलं असतं तर ते त्याचं नसतं."

मला त्यांचे आभार मानायचे होते, घरून ठरवून आलो होतो. आशाने बेसनाचे लाडू केले होते. तो डबा मी पुढे केला. पण तोंडातून "थँक यू" निघेना. छत्तीस वर्षं या देशात आहे. बसवाल्याला थँक यू, दुकानातल्या पोरीला थँक यू, दार धरून ठेवणाऱ्याला थँक यू. तोच शब्द या बाईला कसा द्यायचा? मी मराठीतच बोललो.

"बाई, तुमचे फार उपकार झाले आमच्यावर."

सचिकोबाईंनी मीनाक्षीकडे बघितलं. मीनाक्षीने माझ्याकडे. "बाबा, उपकार म्हणजे?"

मी आशाकडे बघितलं. आशा म्हणाली, "अगं, कुणीतरी तुझ्यासाठी असं काही करतं की ते फेडता येत नाही, आणि फेडायचंही नसतं. नुसतं लक्षात ठेवायचं असतं."

मीनाक्षीने मान हलवली. मग सचिकोबाईंशी इंग्रजीत बोलली. काय बोलली ते मी लक्षपूर्वक ऐकलं. आशाचं वाक्य तिने जसंच्या तसं सांगितलं नाही. ती म्हणाली, "बाबा म्हणतात, तुम्ही माझा हात बघितला होता, ते आम्ही कुणी विसरणार नाही."

सचिकोबाईंनी लाडवांचा डबा दोन्ही हातांत धरला आणि खाली वाकल्या, बराच वेळ. वाकलेल्या असतानाच जपानीत काहीतरी म्हणाल्या. आम्ही त्याचा अर्थ विचारला नाही. आशाही वाकली, मीही वाकलो, आणि मागे चहा घेऊन आलेल्या चर्चच्या बाई कप हातात धरून थांबून राहिल्या.

आता दोन हजार आठ चालू आहे. मीनाक्षी लायब्ररीत चारच दिवस जाते. बाकीचे दिवस लिहीत बसते. पाश्चात्त्य संगीत कोतोच्या आकड्यांत उतरवण्याचं काम तिने अंगावर घेतलंय. बाखच्या नऊ रचना झाल्या. नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटीत दोनदा बोलावलं, तिथे तिने वाजवलंही आणि समजावूनही सांगितलं. गेल्या वर्षी पलंगाखालची व्हायोलिनची पेटी काढली आणि शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थिनीला, मायराला, वापरायला दिली. मला फोनवर सहज सांगितलं, मध्येच, बटाट्यांचे भाव सांगावेत तसं.

सचिकोबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघ्यांमुळे त्यांना आता जमिनीवर बसता येत नाही. त्या खुर्चीत बसतात आणि चुका काढतात. दर गुरुवारी मीनाक्षी त्यांच्याकडे जाते, आणि महिन्यातून एकदा आम्हीही. आशा आणि त्या स्वयंपाकघरात एकमेकींना काय शिकवतात देव जाणे. गेल्या खेपेला आमच्या वरणात समुद्री शेवाळ होतं. छान लागलं.

मागच्या गुरुवारी मी खिशातून मायक्रोमीटर काढला तेव्हा सचिकोबाई म्हणाल्या, "आज मोजू नका. आज नुसतं ऐका." मी तो परत खिशात ठेवला. मीनाक्षी नख्या चढवत होती. म्हणाली, "बाबा, हा नवीन रचना आहे. तुम्ही पहिले ऐकणारे."

"ही रचना," मी म्हटलं.

"ही रचना," ती म्हणाली, आणि वाजवायला लागली.